न्यायाधीशांचा रुमाल

भावाने सही ठोकली आणि झुलेमाला अर्जेंटिनातल्या तुकुमान शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं. आज तिला सोडायचं की नाही, हे न्यायाधीश ठरवणार होते. सकाळपासून तिच्या येरझारा थांबत नव्हत्या.

साहेब आले. तिने तुंब्यात येर्बाच्या पानांचा कडू काढा केला, त्यात ओढून प्यायची नळी खोचली. रिवाजाप्रमाणे पहिला तुंबा स्वतः रिकामा केला, दुसरा भरून त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. एकच नळी सगळ्यांच्या तोंडी फिरते. ती पुसणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. साहेबांनी रुमाल काढून ती खसाखसा पुसली आणि विचारलं, "बाई, उगाचच कशाची भीती वाटते का हो तुम्हाला?"

झुलेमा जागच्या जागी थांबली.

"मला नाही, साहेब. तुम्हाला वाटते. तरी संध्याकाळी घरी जाणार तुम्हीच!"