सात पोरांचं एक टोपडं

तान्ह्या बाळांची टोपडी शिवण्यात मावशीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण कपड्यांचा कारखाना निघाला, सुना-लेकी कामाला लागल्या आणि एका-दोघांवरच घरोघरचे पाळणे थांबले. मावशीच्या दुकानात माश्या तेवढ्या येत. वर डोंगरात मात्र शेताला नि पाण्याला हात लागतात, म्हणून प्रत्येक घरी सहा-सात पोरं. तिथंच दुकान थाटायचं ठरवून मावशी टोपड्यांचं गाठोडं घेऊन डोंगर चढली.

पहिल्याच दारातली बाळंतीण हसली. "मावशी, हे माझं सातवं. थोरल्याचं टोपडं अजून धड आहे की! तेच सगळ्यांना पुरलं."

"बरं, शेजारणीला विचारते."

"तिच्याकडूनच तर आणलं होतं!"

कपाळावर हात मारून, स्वतःलाच हसत मावशी खाली उतरली. दुकानापाशी कारखान्यात जाणारी शेजारची सून ताटकळत उभी होती.

"होतीस कुठं गं मावशी? लेकीला शाळेत घातलंय. तीन झगे हवेत, अगदी मापाचे."

"एकुलतीला तीन?"

"एकुलती आहे म्हणूनच तर!"

मावशीनं गाठोडं कोपऱ्यात टाकलं आणि टेप गळ्यात अडकवला. "आण बघू पोरीला."