न हुंगलेली फुले

आमच्या घरात फूल हुंगायला मनाई होती.

मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाने आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, गुलाब आणि उन्हाळ्यात मोगरा. पहाटे खुडलेली फुले ओल्या गोणपाटाखाली शहरातल्या नदीकाठच्या फुलबाजारात जातात आणि तिथून देवळांत, देव्हाऱ्यांत पोहोचतात. हुंगलेले फूल देवाला चालत नाही, हे कोणालाही ठाऊक असते; परंतु इतरांच्या घरी हा नियम परडीभर फुलांपुरता असतो. आमच्याकडे तो अख्ख्या मळ्याला लागू होता. लहानपणी एकदा मी गुलाबाशी वाकले आणि नाक पाकळ्यांना टेकवले, तेव्हा वडिलांनी ते फूल खुडून माझ्या वेणीत खोचले. "हे आता तुझं. देवाचं राहिलं नाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण हातातली टोपली त्यांनी माझ्यापासून जरा दूर धरली होती. ते अंतर मला कोणत्याही रागाहून मोठे वाटले.

त्या अंतरावरच वडिलांची बाजारातली पत उभी होती. हारवाले त्यांचा माल न पाहता उचलत. 'या मळ्यातलं फूल कुणी हुंगलेलं नसतं,' असे ते गिऱ्हाइकाला सांगत आणि वडील मान खाली घालून गोणपाट झटकत राहत. स्तुती ऐकताना त्यांना नेहमी काहीतरी झटकायला लागे.

म्हणून मी दुसरी रीत शिकले. वास घ्यायचा नाही, मात्र आपल्या पायांनी येईल त्याला अडवायचेही नाही. पहाटेच्या दमट अंधारात झेंडूचा कडवट, तांब्याच्या भांड्यासारखा वास आधी येई. मग शेवंतीचा, जुन्या पेटीतल्या धुतल्या लुगड्यासारखा. गुलाब सर्वांत मागून, लाजत, आणि त्याच्याही मागे खुडलेल्या देठाचा हिरवा वास, कच्च्या पेरूच्या सालीचा. वारा कालव्याकडून असला की हे सारे ओले आणि जड होऊन येत. रस्त्याकडून असला की त्यांत धूळ मिसळे. डोळे मिटून मी सांगू शकत असे, कोणती टोपली कोणत्या बांधावर ठेवली आहे. हे काही विशेष आहे असे मला कधी वाटले नाही.

बारावीचा निकाल बरा लागला. बरा निकाल हा फार अवघड निकाल असतो. वाईट लागला तर लोक गप्प बसतात, उत्तम लागला तर पेढे खातात. बरा लागला की प्रत्येकाला सल्ला सुचतो. मामांनी फार्मसी सुचवली. "पिंपळगावला औषधाचं दुकान टाकू. माणसं आजारी पडायची काय थांबत नाय," असे ते अत्यंत आशावादी स्वरात म्हणाले. आत्याला मी परिचारिका झालेली हवी होते, कारण पांढरा रंग मला शोभतो. शेजारच्या काकांनी संगणकाचा आग्रह धरला. मला काय हवे होते ते मला सांगता येत नव्हते. ज्या गोष्टीला आपल्याजवळ शब्दच नाही, ती मागायची कशी?

बाजार उरकला की वडील मला मोटारसायकलवर घेऊन महाविद्यालये दाखवायला निघत. मागे रिकामी क्रेट बांधलेली, त्यांत झेंडूच्या तुटक्या पाकळ्या. एका ठिकाणी नव्या रंगाचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. दुसऱ्या ठिकाणी फिनाइलचा, त्याखाली दबलेल्या ओल्या भिंतींचा. तिसऱ्या ठिकाणी कसलाच वास नव्हता आणि तिथे मला सर्वांत जास्त भीती वाटली.

"कसं वाटलं?" फाटकाबाहेर वडील विचारत.

"वास बरा नाही."

"पोरी, तिथं शिकायचंय का त्याचा हार करायचाय?"

मी हसत असे, पण परतीच्या वाटेवर, त्यांच्या शर्टाला चिकटलेला बाजार हुंगत नव्हे, नुसता येऊ देत, मला रडू फुटे. दिवस सरत होते. प्रत्येक दालनात मी स्वतःला बसवून पाहत होते आणि प्रत्येक वेळी त्या बाकावर दुसरीच कोणी मुलगी दिसत होती.

शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले, तेव्हा रसायनशास्त्राच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी मला थांबवले.

"अगं, एस्टरच्या प्रात्यक्षिकात परीक्षानळी लांब धरणारी तूच ना?"

मला आठवले. आम्ल आणि अल्कोहोल तापवले की नळीतून फळासारखा गंध येतो. वर्गातल्या सगळ्यांनी नळीत नाक खुपसले होते आणि बाई ओरडल्या होत्या. मी मात्र नळी हातभर दूर धरून, तळव्याने हवा हलवून, "आधी केळं, मग थोडं नेलपॉलिश," असे म्हटले होते.

"प्रयोगशाळेत नळीत नाक घालायचं नसतं, हे मी दर वर्षी घसा फोडून सांगते," बाई म्हणाल्या. "न सांगता करणारी एकच भेटली. कुठे घेतलास प्रवेश?"

"कुठेच नाही. कळत नाहीये."

तेव्हा त्यांनी सांगितले, की त्र्यंबक रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात स्वाद आणि सुगंध या विषयाची पदवी सुरू झाली आहे. अत्तरे, सरबते, साबण, मसाले, या सगळ्यांमागचे रसायन शिकवतात. जागा थोड्या आहेत. गुण पाहतात, पण निवड नाकाच्या परीक्षेवर होते.

ज्याला शब्द नव्हता त्याला त्या जिन्यात शब्द मिळाला. मी घरी धावत गेले असे लिहिले पाहिजे, पण मी शहर बसच्या थांब्यावर उभी राहिले, आणि समोरच्या गाड्यावर भाजले जाणारे कणीस, डिझेल आणि कोणाच्या तरी टिफिनमधली लसणाची चटणी, हे सारे मला प्रथमच अभ्यासक्रमासारखे भासले.

वडिलांनी शांतपणे ऐकले. "जाऊन ये परीक्षेला. तिथं झालं तर झालं. नाय झालं तर सोमवारी फार्मसीला नाव घालायचं, मग कुरकुर नाय," ते म्हणाले. तो न्याय होता, आणि मी तो मान्य केला.

परीक्षेच्या दिवशी वडिलांना बाजार सोडता येईना म्हणून आई माझ्याबरोबर आली. दुसऱ्यांच्या केसांसाठी तिने आयुष्यभर गजरे ओवले. त्या दिवशी पहिल्यांदाच, सरत्या मोगऱ्याच्या उरल्यासुरल्या कळ्यांचा एक स्वतःच्या अंबाड्यावर माळला होता.

खोलीत लांब मेज होते. पलीकडे चष्मा लावलेले एक वयस्क सर आणि तरुण मॅडम. मेजावर कागदाच्या अरुंद पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेका द्रवाचा थेंब. ओळखायचे, आणि जे येईल त्याचे वर्णन करायचे. मी पहिली पट्टी उचलली, हातभर दूर धरली, तळव्याने हवा हलवली आणि संत्र्याची साल सांगितली. ते बरोबर होते. दुसऱ्या पट्टीपाशी काहीच आले नाही. थेंब पातळ होता, पंखा फिरत होता, हवा परकी होती.

"जवळ घे ना बाळ," सर म्हणाले.

मी हात जवळ आणला. तो हनुवटीपाशी थांबला. मी त्याला पुढे ढकलत होते आणि तो येत नव्हता. घोडा ओढ्याशी थबकतो तसा. माझ्या कानांत वडिलांच्या टोपलीचे ते मागे सरकणे ऐकू येत होते.

"सर्दी झालीये का?" मॅडमनी विचारले. मी नकारार्थी मान हलवली. तिसरी पट्टी, चौथी पट्टी. काही नाही. सरांनी पेन खाली ठेवले. मॅडम म्हणाल्या, "बाहेर जा, पाणी पी. सगळ्यांचं झालं की तुला एकदा पुन्हा बोलावते."

आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझा चेहरा पाहून ती उठली.

"काय झालं?"

"हात नाकापर्यंत जात नाही गं. फूल हुंगल्यासारखं वाटतं."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग बंद दाराकडे पाहिले. "मला एक सांग," ती म्हणाली, "त्या कागदाच्या पट्ट्या हे लोक कोणत्या देवाला वाहणार हायेत?"

मला हसूही आले आणि हुंदकाही.

"हसू नको. देवाचं ते देवाला. आपलं ते आपल्याला नको का?" तिने माझ्याकडे पाठ केली आणि मान खाली वाकवली. "हा गजरा मी माळलाय. देवाचा नाय, माझा हाय. घे."

त्या ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मी आईच्या अंबाड्यात नाक खुपसले.

दुरून येणारा मोगरा मला जन्मापासून ठाऊक होता. हा तो नव्हता. हा पांढरा नव्हताच; आत कुठेतरी पिकत्या केळ्याचा पिवळा होता, त्याखाली चहाची पत्ती, त्याहूनही खाली काहीसे प्राण्याच्या अंगासारखे, उबदार, जवळजवळ लाज वाटावी असे. आणि या सर्वांना धरून ठेवणारे आईचे खोबरेल, घाम, चुलीचा धूर. ज्या घरासमोरून मी इतकी वर्षे जात होते, त्याचे दार आज उघडले होते आणि आत खोल्यांमागून खोल्या होत्या.

"पुरे की," आई म्हणाली. "गजरा ठेवशील का नाय?"

पुन्हा बोलावणे आले. मी पट्टी उचलली आणि सरळ नाकाशी नेली. लवंग. वाळा. पुढचीत धणे आणि त्यामागे लिंबाचे पान. शब्द माझ्याकडे रांगेने येत होते, जणू इतकी वर्षे बांधावर थांबून होते. शेवटच्या पट्टीपाशी मी जरा रेंगाळले.

"गुलाब," मी म्हणाले. "पण नुसत्या पाकळीचा नाही. देठ खुडल्यावर बोटांना लागतो ना, कच्च्या पेरूसारखा, तो यात आहे."

मॅडमनी सरांकडे पाहिले. सरांनी पट्टी स्वतःच्या नाकाशी धरली, डोळे मिटले आणि हसून म्हणाले, "पानाचा अर्क थोडा घातलाय. कोणी ओळखेल अशी अपेक्षा नव्हती." त्यांनी पेन उचलले.

दुपारी निवड झालेल्यांची नावे वाचून दाखवली. माझे पहिले नव्हते, दुसरेही नव्हते. पण ते होते. आईने पदराने माझे नाक पुसले, जणू परीक्षा त्यानेच दिली होती. मग तिने वडिलांना फोन लावला. पलीकडून अख्खा फुलबाजार ऐकू आला.

"घेतलं तिला!" आई ओरडली.

"पोरीला वासाच्या कॉलेजात घेतलं!" वडील त्याहून मोठ्याने कोणाला तरी सांगत होते.

"वासाचंबी कॉलेज असतं का?" कोणीतरी विचारले.

"असतं तर! परीक्षा घेतात. असंतसं नाक चालत नाय तिथं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी टोपली घेऊन मळ्यात गेले, तर कालव्याच्या कडेच्या गुलाबांच्या ओळीत वडील उभे होते. पहिल्या झाडाशी त्यांनी बांबू रोवला होता आणि त्याला लाल चिंधी बांधली होती.

"हिथून त्या टोकापर्यंत," ते म्हणाले. "ही ओळ बाजारात जाणार नाय. ही कॉलेजची. काय हुंगायचं ते हुंग."

"आणि यातलं एखादं चुकून टोपलीत गेलं तर?"

"कसं जाईल? मी हिला हातच लावणार नाय."

मी टोपली खाली ठेवली आणि दवाने जड झालेल्या एका फुलाशी वाकले. गार पाकळ्या ओठांना लागल्या. मिरी आली, मध आला, बोटभर ओली माती आली. मी एकेक मोठ्याने म्हणत होते. वडील ऐकत होते. त्यांनी एकदा बांधाकडे पाहिले, एकदा रस्त्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ज्यांनी जन्मभर गुलाब पिकवले, ते माझ्या शेजारी वाकले आणि त्यांनी फुलाला नाक टेकवले. बराच वेळ ते उठले नाहीत.

"लय गोड हाय की गं," ते म्हणाले.