गोदामात गेलेल्या फायली

आमच्या रेकॉर्डमास्तरांना ऑफिसनं खुर्ची दिली होती, पण ते तिच्यावर कधी बसत नसत. खुर्चीवर फायलींचे गठ्ठे असत. टेबलावर, टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावरही गठ्ठेच. मास्तर दिवसभर उभ्यानं काम करत आणि दुपारची भाकर दारात उभं राहून खात. कोणी हसलं तर म्हणत, "कागदाले पाय नाहीत, मले हायेत."

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास मी अकोल्याच्या त्या सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. मास्तर पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. रेकॉर्डची खोली तेव्हाच गच्च भरलेली होती. नव्या साहेबांचं म्हणणं होतं की जुन्या फायली रद्दीत काढा. मास्तर ऐकेनात. मूर्तिजापूरकडची एक म्हातारी नवऱ्याच्या शेताचा कागद शोधत सगळ्या टेबलांवरून फिरून आली होती. मास्तरांनी तळाच्या गठ्ठ्यातून तो अर्ध्या तासात काढून दिला होता. ते साहेबांना एवढंच म्हणाले, "जुन्या फायलीत कोनाचं तरी वावर असते, सायेब."

मग तोड त्यांनीच काढली. जुनं हलवायचं नाही; यापुढे निकाली निघणारी प्रत्येक फाईल रेकॉर्डच्या खोलीत न येता थेट आवारामागच्या रिकाम्या गोदामात जाईल, आणि कोणती फाईल तिथं कुठल्या फळीवर आहे ते मास्तरांच्या वहीत राहील. त्यांनी तसं टिपण लिहिलं आणि मी ते टाईप केलं. त्यात शेवटी स्पष्ट म्हटलं होतं की गोदामाचे पत्रे गळतात, ते आधी बदलावेत. साहेबांनी ते माझ्यासमोर वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही सुरू करा. पत्र्यांचं मागाहून बघू." सही मात्र केली नाही. मास्तरांनी सहीसाठी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा गेले नाहीत. साहेबांचा शब्द आहे म्हणाले.

दोन वर्षं काम सुरळीत चाललं. खोलीत नवे गठ्ठे यायचे थांबले. पावसाळ्यात मास्तर स्वतः गोदामात ताडपत्री बांधून येत आणि दर वेळी पत्र्यांबद्दल तोंडी सांगत. साहेब मान डोलवत.

तिसऱ्या पावसाळ्यात मास्तर तापानं आठ दिवस घरी होते. त्या आठ दिवसांत गोदामाची एक बाजू बसली आणि खालच्या फायलींचा लगदा झाला. त्यातच कोर्टानं मागवलेली एक फाईल होती. चौकशी लागली. साहेबांनी सांगितलं की गोदाम वापरायला आपण कधीच परवानगी दिली नव्हती, मास्तरांनी परस्पर केलं.

टिपणाची कार्बन प्रत माझ्या कपाटात होती. चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती मागितली आणि मी काढून दिली. दुसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं की असं टिपण टाईप केल्याचं आठवतं का. माझे वडील अंथरुणाला खिळलेले, पाठचे तीन भाऊ शिकत होते. मी म्हणाले, आठवत नाही. मास्तर समोरच उभे होते. जिल्ह्याचे कागद सांभाळणाऱ्या त्या माणसाजवळ स्वतःसाठी एक चिठोरंही नव्हतं.

त्यांना सक्तीनं निवृत्त केलं. ते चांदूर रेल्वेला भावाकडे राहायला गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. त्यांच्या वहिनींनी चहा आणून ठेवला. मी जे बोलायला गेले होते ते कसंबसं बोलले, माफ करा म्हणाले.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी खरं बोल्ल्या असत्या तं तुमची नोकरी गेली असती. हे मले तवाच समजलं व्हतं. त्याचा राग नाही. पन आज तुमी आल्या, त्या तुमच्या जिवाले हलकं वाटावं म्हनून. माह्या जिवाले त्यानं काय होते?"

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. गाडीला अजून दीड तास होता, तरी उठले. बसा, असं कोणी म्हणालं नाही.