नर्सबाईंचा राउटर शुद्धीवर येतो

मंडणगडाकडच्या वाड्यावाड्यांतली बाळंतपणं नंदा नर्सबाईंनी केली, आणि करताना बायांना यथेच्छ शिव्याही घातल्या. "ओरडतेस काय? जोर लाव!" हे वाक्य ऐकतच त्या भागातली एक अख्खी पिढी जगात आली. आजही कुणी बाप्या रस्त्यात शहाणपणा करायला लागला, की बाई त्याच्याकडे नुसतं बघतात. उघडानागडा असताना आपल्याला पहिल्यांदा हिनेच उलटं धरलं होतं, हे आठवून तो गप्प होतो.

निवृत्तीनंतर बाई घरी बसतील, असं त्यांच्या नवऱ्याला, सहदेव मास्तरांना वाटलं होतं. मास्तर स्वतः निवृत्त झाल्यापासून बसलेलेच होते. ओटीवरच्या खुर्चीला त्यांचा आकार आला होता. पण बाईंनी मुंबईच्या एका संस्थेत अर्ज ठोकला. खेड्यापाड्यांतल्या गरोदर बायांना व्हिडिओ कॉलवर सल्ला द्यायचा, घरबसल्या. मुलाखत दुपारी चारला, तीही व्हिडिओवरच.

"त्रेसष्टाव्या वर्षी नोकरी? लोक काय बोलतील गो?"

"लोकांचं काय ते मी त्यांच्या जन्माच्या वेळीच बघितलंय."

बाईंना ती नोकरी हवी होती, अगदी कासावीस व्हावं इतकी हवी होती. घरात बसून त्यांची जीभ गंजायला लागली होती, आणि मास्तर एकटे तिला पुरे पडत नव्हते.

घर खोलगट जागेत, मोबाइलची रेंज शून्य. खांबांवरून आलेली केबल आणि भिंतीवरचा राउटर, एवढाच काय तो जगाशी संबंध. मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या भाच्याने, अमरदीपने, आधीच बजावलं होतं, "मावशी, राउटर अपडेट करून घे. मध्ये बंद मात्र करू नको." मुलाखतीच्या दिवशी सकाळी बाईंनी लॅपटॉपवरून अपडेट सुरू केलं आणि भाताला आधण ठेवायला आत गेल्या.

भातकापणीचे दिवस. आभाळ भरून आलं आणि सड्यावर, घरावरच्या कातळाच्या पठारावर, गडगडलं. आता, कोकणातला माणूस गडगडाट ऐकून देवाचं नाव नंतर घेतो, आधी प्लग उपटतो. मास्तरांचा एक टीव्ही विजेने खाल्लेला. त्यामुळे एरवी पाण्याच्या तांब्यासाठीही न उठणारे मास्तर विजेच्याच चपळाईने उठले आणि फ्रिज, टीव्ही, मिक्सर, राउटर, सगळ्यांचे प्लग काढून विजयी मुद्रेने परत बसले.

गडगडाट सरल्यावर सगळं सुरू झालं. राउटर सोडून. एकच लाल दिवा लुकलुकत राहिला.

"मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम करायला मला त्यातलं काही कळायला नको?"

हे मात्र बाईंना पटलं.

त्या तडक चढण चढून सड्यावर गेल्या. तिथे रेंज मिळते, पण तिथूनच मुलाखत द्यावी, तर चित्र अडकत होतं, आणि पुन्हा वीज चमकली असती तर त्या उघड्या कातळावर उंच असं दुसरं काहीच नव्हतं. भाच्याला फोन लावला.

"मावशी, तो मेला नाहीये. आतला प्रोग्राम, फर्मवेअर, अर्धाच लिहिला गेलाय. पण सुरुवातीचा एक छोटा भाग बहुधा शाबूत असेल. त्याला धरून पुन्हा भरायचा."

"म्हणजे श्वास चालू आहे, शुद्ध नाही. असं सांग ना."

"खालचा स्टिकर वाच. मॉडेल आणि व्हर्जन."

"अरे, तो भिंतीवर आहे आणि मी सड्यावर!"

पुन्हा खाली, पुन्हा वर. भाच्याने नेमक्या त्याच व्हर्जनची फाइल पाठवली, पुढची कृती सांगितली. बाई घरी आल्या. फाइल लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉप आणि राउटर वायरने जोडले, लॅपटॉपला भाच्याने सांगितलेला आकडी पत्ता दिला.

"ही टाचणी राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकात दाबून धरा," त्यांनी मास्तरांना फर्मावलं. "मी बटण चालू करते. सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

पहिल्या खेपेला मास्तरांना शिंक आली. दुसऱ्या खेपेला त्यांनी भलतंच भोक दाबलं. "दोन पोरं झाली, तरी यांचा तोच गोंधळ," बाई म्हणाल्या. मास्तर लालबुंद झाले, पण तिसऱ्यांदा नेम लागला. लॅपटॉपवर एक साधं पांढरं पान उघडलं. बाईंनी फाइल निवडली, पाठवली, आणि मास्तरांना राउटरपासून लांब, पडवीत उभं केलं.

दिवे सगळेच्या सगळे विझले. बाईंचा जीव टांगणीला लागला. मग एक हिरवा लागला, आणि त्याच्यामागून बाकीचे. साडेतीन वाजून गेले होते. केबलवाल्याने दिलेला पासवर्ड पुन्हा घालून, केस चापून, त्या चारच्या ठोक्याला खुर्चीत बसल्या. पडद्यावर दीपाली नावाच्या तरुण डॉक्टरबाई आल्या.

"समजा, बाई घाबरलेली आहे, आणि नवरा मध्येमध्ये बोलतोय. काय कराल?"

"त्याला हंडाभर पाणी तापवायला लावते."

"इतकं पाणी कशाला?"

"पाण्याचं काही नाही हो. तेवढा वेळ नवरा बाजूला होतो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी हेच केलं."

डॉक्टरबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "सोमवारपासून याल का?"

"यायचंय कुठे? मी इथेच आहे." बाईंनी हात जोडले आणि कॉल बंद केला.

दारात मास्तर उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"दोन्ही वेळा मी ते पाणी तापवलं. चुलीवर. लाकडं ओली होती."

"हो ना. फार छान तापवलंत."

"मग त्या पाण्याचं केलंस काय गो?"

"तुमच्या आईने आंघोळ केली," बाई म्हणाल्या. "आता चहा ठेवा बघू. सोमवारपर्यंत सवय लागायला हवी."