बाणांनी लिहिलेलं नाव

शकुच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. कुणी विचारलं तर म्हणते, "टायपिंगनं झालं." आणि ते खोटंही नाही.

आईबाप गेल्यावर घाटकोपरच्या चाळीत तिला थोरल्या भावानं, अंबादासनं वाढवलं. ती त्याला दादा म्हणायची. त्यानंच टायपिंगच्या क्लासला घातलं आणि शहाऐंशी साली ती मुलुंडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसली. कॉम्प्युटर कसला, नुसता पडदा आणि कळा! खरं यंत्र अंधेरीच्या ऑफिसात, मध्ये टेलिफोनची तार, आणि ती सदान्‌कदा आचके देणारी.

त्या तारेनंच घात केला. बाणाची कळ दाबली की एका दमात तीन खुणा जातात. आधी एस्केप, मग 'ओ' आणि आणखी एक अक्षर. तिन्ही एकत्र पोचल्या तर कर्सर गुमान हलतो. तार अडखळली की तिकडच्या मेल्या एडिटरला, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमला, वाटतं, बाईनं नुसतं एस्केप दाबून लिहिणं थांबवलं. मग पुढचा 'ओ' तो हुकूम समजतो, वर नवी ओळ उघडतो आणि उरलेलं अक्षर तिच्यात लिहून टाकतो. वरच्या बाणाचा 'ए', डाव्या बाणाचा 'डी'.

त्या दिवशी कुणीतरी कारखान्याच्या ऑफिसच्या काचा फोडल्या होत्या. मॅनेजर नंदकिशोर शकुच्या डोक्यावर उभा राहून नोटीस सांगत होता, गुंडांना हाकलून देऊ म्हणून. चूक सुधारायला शकुनं बाण दाबले. वर, डावा, वर, डावा. पडदा ढिम्म. नंदकिशोरला धीर कुठला! "छाप, छाप लवकर!" शेजारच्या प्रिंटरमधून कागद निघाला तसा त्यानं न वाचता फाटकावर डकवला.

मजकुराच्या डोक्यावर एकाखाली एक चार अक्षरं होती. डी, ए, डी, ए.

कारखान्यात दादा एकच, काशीराम. त्याला नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. तो लाथेनं दार उघडून आत आला, तसा नंदकिशोर मागच्या दारानं पसार झाला, भेकड कुठला.

"गुंड म्हणून माझं नाव टाकतेस? सगळ्यांदेखत?" काशीरामनं तिचे केस धरून कपाळ टेबलावर आपटलं.

"बाणांनी झालं ते! तार खराब आहे!"

"बाण? येडा समजतेस काय मला?" त्यानं तिचा हात कळांवर दाबला आणि कागदांवरचं लोखंडी वजन उचललं.

"हात नको! हातावर पोट आहे माझं!"

वजन खाली आलं. हाडं मोडल्याचा आवाज झाला, कळा उडाल्या. परत उचललं तशी शकु जीव खाऊन ओरडली, "दादा! दादा रे!"

ती अंबादासला बोलवत होती. काशीराम थांबला. चेहरा खुलला त्याचा.

"आता कशी बोललीस! आधीच म्हणायचं ना." वजन ठेवून तो निघून गेला.

संध्याकाळी अंबादास धापा टाकत हॉस्पिटलात आला. "शके, कोणी केलं गं?"

"दा..." एवढंच म्हणून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हापासून ती त्याला भाऊ म्हणते. आपलं काय चुकलं, हे अंबादासला अजून कळलेलं नाही.