बेबाबाईनं शिकवलेलं मशीन

जळगावच्या एमआयडीसीत सोहनलालशेठची डाळमिल आहे, आणि त्या मिलमध्ये सत्तावीस वर्षं बेबाबाईचा शब्द शेठच्या शब्दाच्या जरा वरच चालायचा. शेठलाही ते मान्य होतं. उडदाच्या पांढऱ्या डाळीचा नवा लॉट तयार झाला की ते मूठभर डाळ घेऊन निवडणाऱ्या बायांच्या शेडमध्ये यायचे, निळ्या कापडावर पसरायचे आणि म्हणायचे, “बेबाबाई, बोला.” ती मान वाकवायची, बोटानं चार दाणे बाजूला सारायची आणि म्हणायची, “जाऊ द्या.” नाहीतर, “परत निवडा.” मग पोती पुन्हा उघडायची. कुणी हूं की चूं करायचं नाही.

मूळची ती धुळ्याजवळच्या कापडण्याची. लग्न होऊन नशिराबादला आली. नवरा पाइपच्या कारखान्यात वॉचमन, मुलगी फैजपूरला दिलेली. शिक्षण चौथी. मिरवावं असं तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आवाज फाटका, हाताला चव बेताची, आणि स्वभाव असा की शेजारीण साखर मागायला यायलाही दोनदा विचार करायची. पण नजर होती! पांढऱ्याशुभ्र डाळीत एखादा पिवळट पडलेला दाणा ती चालता चालता टिपायची. नशिराबादहून येणाऱ्या रिक्षात बाया तिच्यासाठी जागा धरायच्या, आणि निवडताना अडलं की सूप तिच्यापुढे धरायच्या. “अक्का, बरोबर शे ना?” ती “हां” म्हणाली की बरोबर.

अडीच वर्षांपूर्वी ही नजर जायला लागली. एकदम नाही. आधी उन्हात चकाकायला लागलं, मग सगळ्यावर तुपाचा हात फिरवल्यासारखं दिसायला लागलं. खडा दिसायचा, काळं टरफल दिसायचं, पण पांढरा दाणा कुठला आणि पिवळट कुठला हे काही केल्या कळेना. मोतीबिंदू आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या सासूला झालेला तिनं पाहिला होता. सरकारी दवाखान्यात फुकट ऑपरेशन होतं, नेण्या-आणण्याला गाडी असते, हेही ठाऊक होतं. तरी ती गेली नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरी आली की अख्ख्या नशिराबादला कळणार, आणि दुसऱ्या दिवशी मिलला. “बेबाबाईले दिखत नही,” एवढं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा न दिसलेलं बरं, असा तिनं हिशेब केला. हिशेब चुकीचा होता, पण आपल्या अब्रूचे हिशेब आपण असेच करतो.

मग ती लपवायला शिकली. शेठनं डाळ पसरली की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. शेजारणीचा हात कुठे थांबतो ते बघायची. बोटांनी खडे अचूक काढायची आणि बाकीचं रेटून न्यायची. आणि दीड वर्षापूर्वी एक लॉट पिवळट दाण्यांमुळे परत आला तेव्हा, शेठनं “हे कुणाचं काम?” असं विचारल्यावर, बेबाबाईनं क्षणभरही न थांबता ललिताकडे बोट दाखवलं होतं.

ललिता म्हणजे तिच्याच आळीतली, पस्तिशीची, हाताखाली शिकून तयार झालेली. तिनं वर पाहिलं, पण बोलली नाही. शेठनं तिला महिनाभर निवडीवरून काढून बाहेर उन्हात पोती शिवायला बसवलं. त्या महिन्यात बेबाबाई दुपारची भाकरी शेडच्या मागच्या बाजूला बसून खायची, म्हणजे पुढच्या आवारात वाकून सुई ओढणारी ललिता दिसू नये. तो लॉट कुणाच्या सुपातला होता हे बेबाबाईला पक्कं माहीत होतं. महिन्यानं ललिता परत येऊन तिच्याच शेजारी बसली आणि पहिल्यासारखं विचारू लागली, “अक्का, बरोबर शे ना?” बेबाबाईला वाटलं, झालं, विसरली.

यंदा दिवाळीनंतर मिलमध्ये नवं मशीन आलं. दाणे तिरक्या पन्हळींवरून घसरतात, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा फोटो काढतो, आणि दाणा वाईट वाटला की मशीन हवेची फुंकर मारून त्याला उडवून लावतं. असं जुनं मशीन मिलमध्ये आधीही होतं, पण त्याला बटणं फिरवून सांगावं लागायचं. हे नवं शिकणारं होतं. त्याच्याबरोबर त्याला शिकवणारी इंजिनिअरही आली, धुळ्याची हिना खिंवसरा. चोवीस-पंचवीसची, पहिलीच नोकरी, आणि बोलताना हात जास्त हलवायची सवय.

“ह्याला नियम सांगायचे नसतात,” तिनं शेठना समजावलं. “हजारो दाणे दाखवायचे आणि प्रत्येकाला हा चांगला, हा वाईट असं सांगायचं. मग ते आपलं आपण ओळखायला शिकतं. सांगणारं माणूस मात्र पक्कं पाहिजे.”

“माणूस?” शेठ हसले. “बेबाबाई आहेत ना.”

बेबाबाई घाबरली. त्याच वेळी छातीही फुगली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला त्या दिवशी कळलं.

हिना म्हणाली, “अक्का, तीन जणींनी वेगवेगळं सांगितलं तर बरं पडेल. जिथे जुळणार नाही तिथे पुन्हा बघता येईल. तुम्ही, ललिताताई आणि अजून एक.”

इथेच सगळं निभावून गेलं असतं. बेबाबाईनं फक्त “बरं” म्हणायचं होतं. पण ललितासारखीचा कौल आपल्या कौलाशेजारी ठेवून ताडून बघणार, या विचारानंच तिचं डोकं फिरलं, आणि त्या रागाच्या खाली भीतीही होती. “मी बशेल शे ना आठे?” ती फटकन म्हणाली. “मंग दुसरीनं काय काम?” शेठनं हात वर करून विषय मिटवला. नवख्या पोरीनं तरी किती ताणायचं?

अकरा दिवस बेबाबाई खुर्चीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा मिलमध्ये खुर्ची. पडद्यावर एकेक दाणा चिकूएवढा होऊन यायचा, आणि ती दोनपैकी एक बटण दाबायची, हिरवं चांगल्याला, लाल वाईटाला. टरफल आलं, लाल. खडा आला, लाल. डाग, लाल. बाकी सगळे तिला सारखेच दिसायचे, म्हणून हिरवं. फार वेळ हिरवंच दाबलं गेलं की मध्येच एखादं लाल ठोकून द्यायची, कुणाला संशय नको म्हणून. दुपारी हिना तिच्यासाठी चहा आणायची आणि म्हणायची, “अक्का, तुमच्यासारखं झरझर कुणी सांगितलं नसतं हो.” बेबाबाई कप बाजूला ठेवून पुढचं बटण दाबायची.

बाराव्या दिवशी हिनानं मशीनची परीक्षा घेतली. काही दाणे तिनं मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्यांवर मशीन काय म्हणतं आणि बेबाबाई काय म्हणाली होती, ते ताडून पाहिलं. “शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा तुमच्याच मताचं आहे!” ती उड्या मारायचीच बाकी राहिली होती. शेठनं मशीनला हार घातला, पेढे वाटले आणि पहिला पेढा बेबाबाईच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला. नको म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं.

मशीनमधून निघालेला पहिला माल धुळ्याच्या प्रेमराजशेठकडे गेला, आणि चौथ्या दिवशी परत आला. डाळ अर्धी पिवळट. प्रेमराजशेठ फोनवर काय बोलले कुणास ठाऊक. सोहनलालशेठ शेडमध्ये आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. सगळ्या बायांच्या देखत त्यांनी हिनाला झापलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, तुमच्या खेळण्यापायी माझी इज्जत गेली, शनिवारपर्यंत काय ते निस्तरा नाहीतर तुमच्या कंपनीला कळवतो आणि मशीनही घेऊन जा, तुम्हीही जा. पोरगी मान खाली घालून उभी होती.

बेबाबाई दहा पावलांवर होती. एक शब्द पुरे होता. ती मूग गिळून उभी राहिली. तेवढ्यानंही भागलं नाही, शेठ तिच्याकडे वळून म्हणाले, “बघा बेबाबाई, तुमच्यासारखी नजर मशीनला यायची नाही,” तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “मशीनच ते.” बोलल्याबरोबर तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

शुक्रवारी दुपारी हिनानं तिला पडद्याजवळ बोलावलं. रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती. “अक्का, एक बघा ना. हे काळं पकडतं, टरफल पकडतं, खडा तर सोडतच नाही. फक्त पिवळा रंग ह्याला जणू ठाऊकच नाही. मी कुठे चुकले कळत नाही. आणि हे बघा, हा एकच दाणा दोनदा दाखवला होता. एकदा तुम्ही हिरवं दाबलंय, एकदा लाल. असे पन्नासेक सापडले, सगळे पांढऱ्या-पिवळ्यातलेच. ह्याला दुसरं कुणी शिकवलंच नाही, त्यामुळे...”

ती थांबली. तिनं बेबाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, जरा जास्तच वेळ. बुबुळाच्या मधला तो दुधी ठिपका जवळून कुणालाही दिसला असता. आजवर तिनं इतकं जवळ कुणाला येऊ दिलेलं नव्हतं, एवढंच.

हिनानं पडदा बंद केला. “माझीच चूक असेल,” ती हळू म्हणाली. “उद्या शेठना तसं सांगते. तुम्ही जेवून घ्या.”

तिनं आरडाओरडा केला असता तर बेबाबाईनं पदर खोचून भांडण केलं असतं. तिला ते येत होतं. लेकीपेक्षा लहान पोर आपलं पाप पदरात घेते म्हटल्यावर काय करायचं, हे मात्र तिला येत नव्हतं. डोळ्यांनी पिवळं दिसत नसतानाही ती मशीनमध्ये आपली सही करून बसली होती. सत्तावीस वर्षांची अक्कल देते म्हणून खुर्चीवर बसली, आणि दिलं काय, तर आपलं आंधळेपण.

शनिवारी सकाळी ती शेठच्या केबिनमध्ये गेली. हिना तिथेच होती, राजीनाम्यासारखा चेहरा करून. बेबाबाईनं बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सांगितलं, “शेठजी, पोरीनं काही चूक नही. माले पिवळं दिखत नही. दोन वरीस व्हयनात.” डोळ्यांचं सगळं सांगितलं. ललिताचं मात्र सांगितलं नाही. तेवढं तोंडाशी येऊन परत आत गेलं.

शेठनं टेबलाच्या काचेवर बोटं वाजवली. हळहळले असतील, पण आधी व्यापारी होते. “बाजारात कळलं की आमची निवड अशी होती, तर?” ते म्हणाले. “हिनाबेन, तुम्ही राहा, पुन्हा शिकवा, तीन जणींना बसवा. बेबाबाई, तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, मी गाडी देतो. गावाला जाते म्हणून सांगा. आणि ही गोष्ट ह्या खोलीतून बाहेर जायला नको. मशीनच्या वायरीत बिघाड होता, बस.”

बेबाबाईनं मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखंही.

शेडमध्ये खुर्ची मांडलीच होती. शेठनं वायरीची कथा सांगितली, बायांनी ऐकली. हिनानं पहिली म्हणून ललिताला बसवलं. बाकीच्या भोवती गोळा झाल्या. बेबाबाई मागे उभी राहिली. पिशवी भरून ठेवली होती, गाडी यायची होती.

पडद्यावर दाणा आला. ललितानं लाल बटणावर बोट ठेवलं, आणि दाबण्याआधी मागे वळून, नेहमीसारखंच, विचारलं, “अक्का, बरोबर शे ना?”

बेबाबाईला पडद्यावर नुसता एक फिकट गोळा दिसत होता. “हां” म्हणायला काहीच लागत नव्हतं. दोन वर्षं म्हणतच होती. सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. दारात शेठ उभे होते.

“माले इचारू नको,” ती म्हणाली. आवाज आधीच फाटका, आता पारच फाटला. “माले दिखत नही.”

शेठनं कपाळाला हात लावला. पण बायांमध्ये कुणी चकित झालं नाही. कुणी “अगं बाई” म्हटलं नाही. दोघी-तिघींनी जमिनीकडे बघितलं.

“माहीत शे, अक्का,” ललिता म्हणाली. “आमले बठ्ठासले माहीत शे. तू हात धुवाले जास ना, तवय तुनं सूप आम्ही डबल निवडतस.”

म्हणजे रिक्षातली जागा, पुढे धरलेली सुपं, ते रोजचं विचारणं, सगळं तिच्या नजरेचा मान म्हणून ती घेत होती, आणि त्या झाकत होत्या. ज्यांच्यापासून लपवलं त्याच लपवत होत्या.

“ललिता,” ती कशीबशी म्हणाली, “तो लॉट मना सूपना व्हता. तू उन्हात बठनी तो.”

“तेबी माहीत शे.”

“मंग तवय बोलनी का नही?”

ललितानं जरा विचार केला, खरंच उत्तर शोधत असल्यासारखा. “तुनी नजर गई अशे मी म्हनतू, तं मनं कोन खरं मानतं, अक्का?”

रागानं म्हणाली असती तर बेबाबाईला सोसलं असतं. ललितानं ते साधंच सांगितलं, लाल बटण दाबलं, आणि पुढचा दाणा बघायला लागली.