आईकडची जागा

माझ्या मैत्रिणीच्या शवपेटीच्या एका बाजूला तिचा चुलतभाऊ उभा होता आणि समोरची जागा रिकामी होती. ती चिलीची, तिथल्या ‘मापुचे’ नावाच्या आदिवासी लोकांतली. लंडनमध्ये क्रॉयडनला आम्ही दोघी ऑफिसं साफ करायचो. त्यांच्यात बापाच्या कुळातला एक आणि आईच्या कुळातला एक समोरासमोर उभे राहून मेलेल्याचं घराणं सांगतात, तेव्हाच तो आपल्या माणसांत पोचतो. तिच्या आईकडचं इथे कुणीच नव्हतं. हॉलमध्ये लाकडाच्या पॉलिशचा वास होता, खुर्च्या रिकाम्या होत्या. चुलतभाऊ मला म्हणाला, "यू स्पीक फॉर हर मदर." मी म्हटलं, "अरे बाबा, मी साताऱ्याची!" "सो व्हॉट? शी टोल्ड यू एव्हरीथिंग." मग उठले. मोडक्या इंग्रजीत तिच्या आईचं तळ्याकाठचं गाव सांगितलं, कुळाचा मुख्य असलेला आजा आणि घोंगड्या विणणारी आजी सांगितली. माझी मैत्रीण भांडखोर होती, तेही सांगितलं. तो मान डोलवत राहिला. मागच्या हिवाळ्यात तोही गेला. त्या दिवशी त्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, त्यांतली आता मी एकटीच आहे.